बलभीम अण्णांचा उरलेला रंग

आमच्या बेंबळीत एखादी वस्तू दोन दिवस एका जागी न हलता उभी राहिली, की बलभीम अण्णा तिला रंग देतात.

माझ्या दुकानाबाहेर गिऱ्हाइकांना बसायला एक लोखंडी बाक आहे. चांगला गंजलेला, सवयीचा बाक. एका सकाळी दुकान उघडायला आलो तर तो पोपटी. शेजारी अण्णा उभे, हातात ब्रश, चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान. मी ओरडलो तर म्हणाले, "उरला हुता गा थोडा. डब्यात वाळून गेला असता." त्या दिवशी रहिवासी दाखल्यासाठी आलेले चौघं जण पाठीवर पोपटी पट्टे घेऊन तहसीलला गेले. तिथल्या साहेबांना वाटलं, कुठली तरी संघटना निवेदन द्यायला आली.

मी शिवलिंग. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, पोलीस भरती, नवोदय, सगळं माझ्याच खिडकीतून जातं. गावातल्या कुणाला काय व्हायचं आहे, हे त्याच्या आईबापाआधी मला कळतं. कळलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही, त्यामुळे थोड्या वेळानं गावालाही कळतं.

अण्णांना पन्नाशी उलटून दोन-तीन वर्षं झालीत. उंच, काटक माणूस. गावापासून मैलभरावर स्वतःच्या शेतात घर बांधून राहतात. सोयाबीन, तूर, दोन बैल, एक ट्रॅक्टर. लोकांच्या खिशात तंबाखूची पुडी असते, अण्णांच्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा. ट्रॉली, बोअरचा पाइप, कडबाकुट्टी, कोंबड्यांचं खुराडं, लिंबाच्या झाडाचं बूड, त्यांच्या ब्रशातून काही सुटलेलं नाही. पोळ्याला निम्म्या गावाच्या बैलांची शिंगं तेच रंगवतात. एका वर्षी सरपंचांच्या बैलाचं एक शिंग रंगवून झाल्यावर डबा संपला, म्हणून त्यांनी दुसऱ्याला हाताला लागेल तो रंग दिला. मिरवणुकीत तो बैल डावीकडून एका पक्षाचा आणि उजवीकडून दुसऱ्या पक्षाचा दिसत होता. सरपंच आठवडाभर खुलासे करत फिरत होते.

"शिवलिंग, वस्तू जुनी झाली की मान खाली घालती," अण्णा मला समजावायचे. "रंग दिला की वर बघती." माझा बाक कुठं बघतो हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

तर अशा माणसाच्या पोटी राजेश्वरी जन्माला आली, आणि तिला जुन्या वस्तूंचं वेड लागलं. जुनं ते जुनंच दिसावं, या प्रकारचं.

धाराशिवच्या कॉलेजातून तिनं इतिहासात बी.ए. केलं. मग एक दिवस माझ्या दुकानात येऊन त्याच पोपटी बाकावर बसली आणि म्हणाली, "शिवलिंगकाका, परदेशातल्या विद्यापीठाचा फॉर्म भरता येतो का?" मी म्हटलं, आपल्या सरकारी साइटवर ज्यानं पीकविमा भरलाय त्याला जगातला कुठलाही फॉर्म भरता येतो. तिला वारसा-जतनाची एम.ए. करायची होती. म्हणजे जुनी देवळं, जुने दगड, लाकूडकाम, चित्रं सांभाळायची कशी, याचं शिक्षण.

मला ते पटलं नव्हतं, हे कबूल करतो. मीच तिला लातूरच्या एका सल्लागाराकडे नेलं. टाय घातलेला माणूस. तो म्हणाला, "परदेशी जायचं तर मॅनेजमेंट घ्या, डेटा घ्या. हेरिटेजला स्कोप नाही." राजेश्वरीनं विचारलं, "सर, तुमचं गाव कुठलं?" म्हणाला, औसा. "तिथला किल्ला बघितलाय?" नाही म्हणाला, वेळच मिळाला नाही. "मग स्कोप नाही हे तुम्हाला कसं कळलं?" त्यानं आम्हाला चहा विचारला नाही. परतीच्या एस.टी.त मी तिच्या बाजूचा झालो होतो.

मग आम्ही दोघं महिनाभर विद्यापीठं चाळत बसलो. एकाच्या माहितीपत्रकात सगळी पोरं हिरवळीवर बसून हसत होती. राजेश्वरी म्हणाली, इतकं हसत शिकायला मला जमणार नाही. दुसऱ्याचे सगळे धडे राजवाड्यांवर आणि राण्यांच्या दागिन्यांवर. ती म्हणाली, आपल्याकडं राजवाडा नाही, तिथून शिकून इथं येऊन करू काय? तिसरं विद्यापीठ इंग्लंडमधल्या एका लहानशा जुन्या गावातलं. त्यांनी चकचकीत फोटो पाठवले नाहीत, प्रश्न पाठवला. ‘घरापासून चालत जाता येईल अशी एक जुनी वस्तू निवडा. ती मोजा, तिचं चित्र काढा. आणि लिहा: तिची निगा कोण राखतं?’

"हेच," राजेश्वरी म्हणाली. बाकीच्या दोघांचे फॉर्म तिनं भरलेच नाहीत. मी पुष्कळ सांगितलं, पण ती बापावर गेली आहे, ऐकत नाही.

वस्तू तिनं त्यांच्या शेतातलीच निवडली. घरासमोरच्या बांधावर कमरेएवढा काळा दगड उभा आहे. खालच्या चौकोनात घोड्यावरचा वीर लढतोय, मधल्यात अप्सरा त्याला वर नेतायत, वरच्यात तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलाय, आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी पूर्वी असे दगड उभे करत, त्याला वीरगळ म्हणतात, हे मला तिच्याकडून कळलं. आम्ही आजवर त्याला घोड्याचा देव म्हणून नारळ फोडत होतो. तिनं तो इंच-इंच मोजला, सुरेख चित्र काढलं. शेवटच्या प्रश्नाला उत्तर लिहिलं, ‘कोणी नाही.’ मी ते टाइप केलं आणि फॉर्म पाठवला.

घरी सांगायचं राहिलं होतं. साक्षीदार म्हणून मला जेवायला बोलावलं. राजेश्वरीनं सोपं करून सांगितलं, "अण्णा, जुन्या वस्तूंची निगा कशी राखायची, हे तिथं शिकवतात."

अण्णांच्या हातातली भाकरी ताटात पडली. "म्हंजी माझंच काम की! त्याला डिग्री देत्यात?"

"तुम्हाला न्हाय मिळायची," राजेश्वरीच्या आई, मथुराबाई वहिनी, चुलीपुढून म्हणाल्या. "तुम्हाला दंड बसंल."

पण अण्णांच्या अंगात वारं शिरलं होतं. पोरीला परदेशी पाठवायला ज्यांनी वर्षभर हो-नाही केलं असतं, त्यांनी त्याच ताटावर परवानगी दिली. दुसऱ्या दिवसापासून गावभर सांगत सुटले, की आपण जे हातानं करतो त्याचं इंग्लंडात मोठं कॉलेज आहे आणि राजेश्वरी आपलीच गादी चालवणार आहे. लोक त्यांच्या ब्रशाकडे जरा आदरानं बघू लागले. खरं काय ते राजेश्वरीनं त्यांना सांगितलं नाही, कारण परवानगी हातची जाईल. मीही सांगितलं नाही, कारण मला मजा येत होती. पुढं जे झालं त्यात आमचा दोघांचा हात आहे.

एप्रिलमध्ये विद्यापीठाचा मेल आला. चित्र आवडलं, मोबाइलवर मुलाखत घेऊ, आणि ती त्या दगडाजवळच व्हावी. जागा आणि शिष्यवृत्ती एकत्रच मिळणार होती, आणि परदेशी विद्यार्थ्याला त्या वर्षी एकच. मुलाखत बिघडली तर दोन्ही गेलं, आणि मग बी.एड. हे ठरलेलं होतं. राजेश्वरीची झोप उडाली. ठरलेल्या गुरुवारी दुपारी साडेतीनची वेळ होती. आदल्या दिवसापासून ती धाराशिवला प्राध्यापकांकडे तयारीला गेली होती. दोन वाजता मी तिला स्टँडवरून घेतलं आणि मोटारसायकलवर शेतात आणलं.

बांधावर काहीतरी झगझगत होतं. जवळ गेलो, आणि माझा हात आपोआप ब्रेकवर गेला.

घोडा पांढराशुभ्र झाला होता. वीर गुलाबी. तलवार चंदेरी. अप्सरांना निळी लुगडी. चंद्र आणि सूर्य दोघंही पिवळे. मागची सगळी जागा माझ्या बाकाची पोपटी. आणि आठ-नऊशे वर्षं त्या वीराला मिशा नव्हत्या, त्या त्याला आज आल्या होत्या.

"कसा हाय?" अण्णा कोपरापर्यंत रंगलेले. "फटफटल्यापासून बसलोय. दोन हात दिलेत. इंग्लंडची बाई बघणार, तिच्यापुढं आपला देव भकास दिसाया नको."

राजेश्वरी गाडीवरून उतरली. "अण्णा, हे काय केलंत?"

"निगा."

"याला निगा नाही म्हणत!" ती इतकी मोठ्यानं ओरडली, की बैलांनी माना वर केल्या. "दगड होता तसा ठेवायचा असतो. मी तेच शिकायला चालले होते. तुमच्यासारख्या माणसांपासून वस्तू वाचवायला!"

अण्णांनी हातातला ब्रश पाठीमागं नेला, चोरी पकडल्यावर नेतात तसा. "म्हंजी," ते हळू म्हणाले, "तू जी डिग्री घ्यायलीस, ती माझ्या इरुद्ध हाय?"

एरवी मी हसलो असतो. त्या वेळी मला माझीच लाज वाटली. इतके दिवस हा माणूस गावभर छाती काढून फिरला, आणि आम्ही दोघं गालात हसत राहिलो.

"थांब, काढतो," अण्णा म्हणाले. "रॉकेल हाय, तारंचा ब्रश हाय. साडेतीनपस्तोर घासून काळा करून देतो." ते खरंच तारेचा ब्रश घेऊन निघाले. तारेनं घासलं तर रंगाबरोबर घोड्याचं तोंडही गेलं असतं. राजेश्वरी धावली आणि तिनं दगडाला मिठीच मारली. रंग ओला होता. मुलाखतीसाठी घेतलेल्या नव्या कुर्त्यावर पांढरा घोडा उमटला, तोंड उलटीकडं करून.

गडबड ऐकून मथुराबाई बाहेर आल्या. दगड बघितला, लेकीचा कुर्ता बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं. मला वाटलं आता अण्णांची धडगत नाही. पण त्या लेकीला म्हणाल्या, "हिकडं ये. दाराकडं."

घराच्या दाराला लाकडी चौकट आहे. या वर्षी पोपटी. वहिनींनी तिच्यावर हात ठेवला.

"ही माझ्या माहेरची, माकणीची. भूकंपात आमचं घर बसलं, तवा एवढीच उभी राह्यली. माझ्या बापानं लग्नात हीच दिली. इथं बसवली, तर मी रोज तिच्याकडं बघून रडायची. खालपासून वरपस्तोर चीर गेल्याली, चिरंत घराची माती तशीच. सासूबाई म्हणायच्या, काढून टाका. पोळ्याच्या शिंगाचा रंग उरला हुता, त्यो तुझ्या अण्णांनी आणला आन् चौकटीला दिला. शिंगं सोडली तर जिंदगीत पहिल्यांदा ब्रश धरला त्यांनी. चीर दिसंना झाली. माझं रडणं थांबलं. तवापासनं जुनं काय बी दिसलं की ह्यांचा हात शिवशिवतो." मग लेकीकडे रोखून बघत म्हणाल्या, "आता बोल काय बोलायचं ते."

बावीस वर्षांच्या पोरीनं हे कधी ऐकलं नव्हतं. मी तर गावातलं सगळं माहीत असणारा माणूस, मलाही ठाऊक नव्हतं. अण्णा बिजागरीकडे बघत पुटपुटले, "चांगला तांबडा हुता त्यो रंग."

राजेश्वरीनं चौकटीच्या रंगावर नख घासून बघितलं. मग माझ्याकडे वळली. "काका, कटर आहे का?"

पासपोर्ट फोटो कापायचं कटर माझ्या खिशात कायम असतं. तिनं चौकटीवर हातभर जागा निवडली आणि रंग खरवडायला लागली. पण कसा? वरचा पोपटी थोडा तसाच ठेवला, त्याच्याखाली निळा बोटभर उघडा केला, आणखी बरंच खाली गुलाबी. एकाखाली एक पायऱ्या उतरत चालली. प्रत्येक पायरीला अण्णांना विचारत होती आणि हातावर पेनानं लिहून घेत होती.

"निळा?"

"तू धाव्वी पास झालीस तवाचा."

"गुलाबी?"

"तुझा पाळणा रंगवला, त्यातला उरला हुता."

"हा चंदेरी?"

"गोठ्याचे पत्रे. त्या सालचा पाऊस मोठा हुता."

अण्णांना एकही रंग आठवावा लागला नाही. अकरावी पायरी तांबडी निघाली. तिच्याखाली लाकूड, आणि लाकडात चीर, चिरेत माकणीची माती. वहिनींनी चिरेवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभ्या राहिल्या. नेटवर्क बघायच्या निमित्तानं मी अंगणात गेलो.

साडेतीनला मोबाइल वाजला. धरायचं काम माझ्याकडं होतं. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या मॅडम, मागं पुस्तकं, हातात चहाचा कप. चित्र फार छान आहे म्हणाल्या, आता दगड दाखव. राजेश्वरीनं माझ्याकडं बघितलं. मी खुणेनं सांगितलं, फोन बंद पडला म्हणू या. या कामाचा मला अनुभव आहे. तिनं मान हलवली आणि माझा हात धरून मोबाइल दगडाकडं वळवला.

मॅडम थिजल्या. मला वाटलं नेटवर्क गेलं, पण कपातून वाफ निघत होती. मग त्यांच्या तोंडून हसू फुटलं आणि चहा सांडला. "हे कुणी केलं?"

"माझ्या वडिलांनी. आज सकाळी. तुमच्यासाठी."

मॅडमनी कागद चाळले. "तू लिहिलंयस, या दगडाची निगा कोणी राखत नाही."

"चुकीचं लिहिलं," राजेश्वरी म्हणाली. "मी दगड मोजला, माणूस बघितलाच नाही."

मग तिनं मला दाराशी नेलं, पायऱ्या दाखवल्या, एकेका रंगाची गोष्ट सांगितली. मॅडमनी अण्णांना बोलवायला सांगितलं. अण्णा टोपी नीट करून आले, कोपरापर्यंत रंगलेल्या हातांनी नमस्कार केला. मॅडमनी विचारलं, तुम्ही वस्तूंना रंग का देता?

"मॅडम, जुनं बघून घरातलं माणूस रडू नये," अण्णा म्हणाले. "येवढंच."

राजेश्वरीनं ते इंग्रजीत एका वाक्यात सांगितलं, आणि मॅडमनी कप खाली ठेवला.

शेवटचा प्रश्न आला. हे दार आणि तो दगड तुझ्या ताब्यात दिले, तर रंगाचं काय करशील? आम्ही तिघंही तिच्याकडं बघत राहिलो. अण्णा जास्तच.

"दाराची एवढी हातभर जागा उघडी ठेवीन," ती म्हणाली. "बाकीचं अण्णांना रंगवू देईन. दगडाचा रंग मात्र काढावा लागेल, खालचं काही न जाता. ते कसं काढायचं हेच मला येत नाही. म्हणून तर यायचं आहे."

अंगावर उलट्या घोड्याचा कुर्ता घालून तिनं हे सांगितलं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तीन आठवड्यांनी मेल आला. नेहमीप्रमाणे आधी मी वाचला. जागा मिळाली होती, शिष्यवृत्तीसकट. अण्णांनी गावभर पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "डिग्री माझ्या इरुद्ध हाय. पर पोरगी माझी हाय." सप्टेंबरात ती निघाली, तेव्हा तिची बॅग पोपटी होती. विमानतळावर ओळखू यावी म्हणून. या वेळी ती रंग वाळेपर्यंत अंगणात बसून राहिली.

दिवाळीला मी फराळाला गेलो. वाटेत घोड्याच्या देवावर गोणपाट गुंडाळलेलं. लेक येऊन रंग काढेपर्यंत त्याला ऊन लागून तो पक्का होऊ नये, हा अण्णांचा बंदोबस्त. घर मात्र सगळं नव्यानं रंगवलेलं, केशरी. चौकटही केशरी. फक्त त्या अकरा पायऱ्यांची हातभर जागा तशीच सोडलेली, भोवती पट्टी लावून सरळ रेघ मारलेली. खाली त्यांच्या ब्रशाच्या अक्षरात पाटी: ‘जुना रंग आहे. हात लावू नये.’

"फोटो काढ आन् तिला पाठव," अण्णा म्हणाले. "इचार, आता बरुबर हाय का म्हणावं."

मी पाठवला. मिनिटात उत्तर आलं, मी मोठ्यानं वाचलं. ‘बरोबर आहे. पण अण्णांना सांगा, आईला हात लावू द्या.’

मथुराबाई चकलीचं ताट घेऊन येत होत्या. हसून म्हणाल्या, "मी तर रोज लावते. ह्यांना कुठं ठावं हाय?"

अण्णा ब्रश पुसत होते. वर न बघता म्हणाले, "ठावं हाय. म्हणून तर तेवढं सोडलं."